रोजचा वधस्तंभ आणि शनिवारची खर्ची

हजेरीवाला (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त. मी पुण्याजवळच्या एका बांधकामावर हजेरी आणि मजुरांचा हिशोब पाहतो. मूळचा नगर जिल्ह्यातला. घराणे चार पिढ्यांपासून मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. आमच्याकडे उपासनेत शास्त्रवाचनाच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि गेल्या रविवारी माझी पाळी होती. बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय होता. वाचत वाचत तेराव्या वचनाशी आलो. मजुराचे वेतन रात्रभर, सकाळ होईपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नये असे तेथे लिहिले आहे. हे वचन मी शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच वही उभी राहिली आणि जीभ अडखळली.

त्या वहीचे सांगतो. आमच्याकडे बिगाऱ्याची रोजी सातशे रुपये आहे. सहा दिवस भरले की ४,२०० रुपये होतात. शनिवारी त्याच्या हातात खर्ची म्हणून दीड हजार पडतात आणि उरलेले २,७०० माझ्या वहीत त्याच्या नावापुढे चढतात. स्लॅब पडेपर्यंत, कधी कधी काम संपेपर्यंत, ते तेथेच राहतात. ठेकेदारांचे म्हणणे असे की सगळे पैसे एकदम दिले तर माणूस सोमवारी येत नाही, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे मलाही म्हणवत नाही. पैसे बुडवले जात नाहीत. शेवटच्या हिशोबाला एकूण एक रुपया मिळतो आणि त्यातल्या एकालाही मी कधी हात लावलेला नाही. एवढ्यावर आजवर मी स्वतःला प्रामाणिक समजत आलो.

घरी आल्यावर लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे यावे, हे प्रभूचे सांगणे मत्तयात आहे, मार्कात आहे. पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकने दिला आहे. त्या एका शब्दाने माझी पंचाईत केली आहे. रविवारचे शिष्यत्व मला चांगले जमते. उपासनेला वेळेवर जातो, दशांश देतो, हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या जिनसांच्या लिलावात पाचशे रुपयांना भोपळाही घेतो. सोमवार ते शनिवारचे काय करायचे, ते मला कळत नाही. आपण ते कसे करता? प्रवचन नको, ते रविवारी मिळते.

मस्कतकर

जय ख्रिस्त दादा. भोपळा पाचशेला म्हणजे स्वस्त पडला. आमच्या गावी एका काकांनी चुलत्याशी ईर्षा लावून कोंबडा तीन हजारांना घेतला होता आणि घरी काकूंनी त्या कोंबड्याला नव्हे, काकांनाच सोलले.

मी येथे आखातात नोकरी करतो. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी, आणि रविवारी सकाळी सहाला कंपनीची बस दारात उभी असते. त्यामुळे ‘रविवारचा ख्रिस्ती’ होण्याची सोय मला नाही. मी शुक्रवारचा आहे. प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळही नाही, पण हा धागा वाचत राहणार आहे.

रात्रपाळी

मी मिरजेकडची, परिचारिका, नोकरीला एकोणीस वर्षे झाली. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतून मुलींनी परिचारिका व्हायचे, हे जवळजवळ ठरूनच गेले. लहानपणी आम्हांला सांगत की ही नोकरी नव्हे, ही सेवा आहे. पहिल्या पगाराच्या दिवशी कळले की नोकरीच आहे, आणि पगार कमी आहे म्हणूनच तिला सेवा म्हणत असावेत.

तरीही आपण विचारले आहे म्हणून खरे ते लिहिते. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे आम्ही दोघी असतो. गुडघे टेकून प्रार्थना करायला सवड नसते. प्रत्येक रुग्णानंतर हात मात्र धुवावेच लागतात. हात धुताना मी प्रभूची प्रार्थना म्हणते. सावकाश म्हटली की अर्धा मिनिट होतो आणि हातही नियमाप्रमाणे धुतले जातात. रात्रीतून तीस-चाळीस वेळा ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणून होते. त्यातल्या पंचवीस वेळा मन दुसरीकडेच असते, हे कबूल करते. पण ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीशी, ज्या बाईने नुकतेच बेडपॅनवरून मला चार शिव्या दिल्या तिच्याकडे परत जायचे असले, की पाणी जरा जास्त वेळ वाहते.

प्रश्नचिन्ह

धागाकर्त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण येथे लेवीय काढायची गरज काय, हे मला समजलेले नाही. वेतन ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन आपल्या देशात १९३६ सालच्या वेतन प्रदान अधिनियमापासून आहे. आपला ठेकेदार ते पाळत नाही, एवढाच हा विषय आहे. मजुराला कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा पत्ता द्यावा. वधस्तंभ वगैरे मोठे शब्द वापरल्याने एक साधी बेकायदा गोष्ट उगाच आध्यात्मिक होऊन बसते, आणि आध्यात्मिक झाली की तिच्यावर चिंतन होते, कार्यवाही होत नाही. मीही बाप्तिस्मा झालेलाच आहे. अनुभवाने बोलतो आहे.

माळकरी

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या काकूंनी हा धागा वाचायला दिला. चालत असेल तर दोन शब्द लिहितो. माझे वडील पंचेचाळीस वर्षे पंढरीची वारी करत होते आणि त्यांचे किराणा दुकान होते. सावता माळ्यांच्या ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ या ओळीचा त्यांनी लावलेला अर्थ असा की तराजूच्या ताटाखाली चिंच चिकटवायची नाही. बाजारपेठेतल्या इतरांची ताटे त्यांना ठाऊक होती. ते कुणाला काही बोलले नाहीत, पण आपले ताट रोज सकाळी उलटे करून पुसत.

आता माझा प्रश्न असा की हजेरीवाले दादा जे म्हणत आहेत त्यात ख्रिस्ती ते काय? प्रामाणिक माणूस कोणत्याही देवळात जाणारा असू शकतो. टोचून विचारत नाही, खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

पाळकाची_मुलगी

माळकरी दादा, स्वागत आहे. आपल्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी माझी तयारी नाही. ते इतर कोणी देईल. मी हजेरीवाले दादांच्या नोकरीकडे येते.

लूकच्या शुभवर्तमानात जकातदारांच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतल्या तीन बाबा नेहमी एकापाठोपाठ एक सांगत. तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. नोकरी सोडा, असे तो म्हणत नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगतो. पाचव्या अध्यायात लेवी जकातीच्या नाक्यावर बसलेला असतो. प्रभू ‘माझ्यामागे ये’ म्हणतो आणि तो सर्व सोडून उठतो. एकोणिसाव्यात जक्कय, तो तर मुख्य जकातदार. अर्धे धन गरिबांना आणि ज्याला नाडले त्याला चौपट, असे तो स्वतः होऊन बोलतो; पण त्याने जकात सोडली असे काही तेथे लिहिलेले नाही. त्याला परत योहानाचाच नियम लागू झाला असावा, असे बाबा म्हणत.

धंदा एकच, लिहिणारा एकच, आणि तिघांना तीन वेगवेगळी उत्तरे. म्हणून ‘ख्रिस्ती माणसाने अशा ठिकाणी नोकरी करावी का’ असे कोणी मला विचारले की मी आधी विचारते, आपण यांतले कोणते जकातदार?

हजेरीवाला

ताई, मी यांतला कोणीच नाही, हीच अडचण आहे. जास्त काही घेत नाही, त्यामुळे योहानाचे सांगणे मला लागू पडत नाही. दोन मुलांची फी आहे, त्यामुळे लेवीसारखे उठता येत नाही. आणि चौपट द्यायला पैसे माझे नाहीतच, ठेकेदारांचे आहेत.

प्रश्नचिन्ह दादांचे म्हणणे मान्य आहे. कायदा मला ठाऊक आहे. त्या कायद्यासाठी दाखवायच्या मस्टरवर सह्या मीच घेतो. आणखी काय लिहू.

बावखल

वसईहून सर्वांना नमस्कार. मी कॅथलिक, म्हणून तुमच्या ‘मंडळी’ऐवजी माझ्या लिहिण्यात ‘धर्मग्राम’ येईल आणि उपासनेऐवजी मिस्सा. तेवढे चालवून घ्या.

हजेरीवाले दादांची वही जशी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, तसे माझ्या डोळ्यांसमोर एक बावखल उभे असते. बाहेरच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात मुरते, आणि त्याच्या जिवावर केळी, फुले, पानवेली यांना आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळा काढता येतो. वडिलांच्या पश्चात आमच्या वाडीबरोबर बावखलाचेही दोन भाग झाले. थोरल्या भावाला आपल्या बाजूचा भाग बुजवून जागा बांधकामाला द्यायची होती. मी हरकत घेतली. आमच्या भागात हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे आम्ही दोघे भाऊ एकाच मोर्चात चाललेले. त्यामुळे मला वाटले की तत्त्वाची बाजू माझीच आहे, आणि अजूनही तसेच वाटते. त्या तत्त्वापायी सात वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मिस्सामध्ये ‘हे आमच्या बापा’नंतर एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो. आजूबाजूच्यांकडे वळून हात जोडायचे असतात. त्या सात वर्षांत आमच्या दोघांच्या जागा ठरून गेल्या होत्या. मी आईला घेऊन वेदीच्या डावीकडे बसायचो, तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. मध्ये तीनशे माणसे. त्या तीनशेंना शांती देता देता आपला भाऊ तेवढा टाळता येतो, आणि हे सगळे इतके शिस्तीत होते की कोणाला काही दिसत नाही. आईला दिसायचे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की वेदीपाशी अर्पण आणले असता आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जा आणि समेट कर. हे वाक्य मी कितीतरी वर्षे चुकीचे ऐकत होतो. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे याची तेथे चौकशीच नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, एवढेच विचारले आहे. बाजू खरी कोणाची, हा प्रश्नच तेथे येत नाही. मी तो दररोज विचारत होतो.

पुढे काय झाले ते थोडक्यात. एका एप्रिलमध्ये त्याचा पंप जळाला आणि केळी माना टाकू लागली. पुतण्या संध्याकाळी येऊन अंगणात नुसता उभा राहिला, काही बोलेना. मी पंपघराची किल्ली त्याच्या हातात दिली. चांगले काम करतो आहे असे त्या वेळी मनात आले नव्हते. केळ बघवत नव्हती, हे खरे कारण. भावाने आभार वगैरे मानले नाहीत. पंधरा दिवसांनी सुकेळीचे एक पुडके आईकडे आले, त्यावर नाव नव्हते. तहसीलमधला वाद आजही चालू आहे आणि मी हरकत मागे घेतलेली नाही. पण त्याची जागा आता मधल्या रांगेत आली आहे.

मस्कतकर

सुकेळी खाल्ली की नाही, ते लिहायचे राहिले.

बावखल

आईने खाल्ली. मला दोन दिली, मोजून.

जुनाजाणता

चर्चा चांगली चालली आहे. वयाने मोठा म्हणून थोडे मागचे सांगतो, आणि एक तक्रारही नोंदवतो.

तक्रार अशी की ‘रोजच्या जीवनातील शिष्यत्व’ हा जणू आजच निघालेला प्रश्न आहे, अशा थाटात आपण बोलतो. मराठी ख्रिस्ती माणसापुढे तो पहिल्यापासून आहे, कारण आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न उठत असे तो पाणवठ्याचा आणि पंगतीचा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला त्यानंतर पाच वर्षांनी. या पाच वर्षांत त्यांच्यापुढे असलेला प्रश्न त्रैक्याच्या सिद्धान्ताचा नव्हता. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे आणि कोणाच्या चुलीवरचे खायचे, हा होता. तो त्यांनी आपल्या मनाशी सोडवला आणि मग पुढचे सोपे झाले. टिळक खिशातले सगळे देऊन मोकळे होत आणि त्या रात्री घरात आलेल्या माणसांना जेवायला काय घालायचे ते लक्ष्मीबाई पाहत. त्या दोघांत दररोजचा वधस्तंभ कोणी वाहिला असे मला विचाराल, तर मी कवीचे नाव घेणार नाही. टिळकांवर माझे निरतिशय प्रेम असूनही घेणार नाही.

दुसरे, केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केले, हे सर्वांना ठाऊक आहे. काम संपले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. ग्रंथ बाहेर आला १९२४ साली. त्याच्या छपाईचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनी जुळवले, हे मात्र थोडक्यांच्या लक्षात असते. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळात आणि वैधव्यात निराधार होऊन तेथे आलेल्या. आता कल्पना करा, उजव्या हाताने उलटी अक्षरे एकेक करून पट्टीत बसवायची, ‘मजुराचे वेतन’ हे शब्दही तसेच बसवायचे, बोटे शिशाने काळी. शास्त्र आणि काम यांची इतकी जवळची गाठ मला दुसरीकडे कोठे दिसलेली नाही.

माळकरी यांनी सावता माळ्यांचे नाव घेतले ते योग्यच केले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्या सेतूवर रहदारी दोन्ही बाजूंनी असायला हरकत नाही.

कोपी

इतका वेळ नुसता वाचत होतो. जुनाजाणता काकांनी पाणवठ्याचा विषय काढला म्हणून लिहितो.

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की टोळी निघायची ती उन्हाळा लागल्यावर परत यायची. माझे लहानपणचे सगळे नाताळ उसाच्या फडात झाले. वडील कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, बांबूला कागदी कंदील बांधत आणि पहाटे मोळ्या वाहायला उठण्यापूर्वी आई पाठ असलेली दोन गीते म्हणे. तिला वाचता येत नव्हते. फडात ना मंडळी, ना पाळकसाहेब, ना रविवार. गाडी आली की भरायची. ती गुरुवारी येते की रविवारी, हे कारखाना ठरवतो. म्हणून ‘रविवारचा ख्रिस्ती’ हा विनोद मला फारसा रुचला नाही. काही लोकांना रविवार मिळालेलाच नाही.

आमचा मुकादम आमच्याच मंडळीतला होता. उचल तोच द्यायचा आणि वहीही त्याच्याकडेच. दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात; माझ्या आईवडिलांच्या कोयत्यावर हंगाम संपताना उचल फिटायची नाही, दर वर्षी थोडी बाकी निघायची. ती कशी निघते, हे विचारण्याइतके गणित घरात कोणाला येत नव्हते. मे महिन्यात गावी परतल्यावर दानाची थाळी फिरवायला तोच उभा असायचा. वडील त्या थाळीत पाच रुपये टाकत. हजेरीवाले दादा, आपल्या वहीबद्दल आपण लिहिले ते वाचून मला बरे वाटले की राग आला, हे दोन दिवस ठरवता आले नाही. वही लिहिणाऱ्याच्या बाजूने हा प्रश्न मी पहिल्यांदाच वाचला.

आणखी एक. रोजच्या प्रामाणिकपणाची चर्चा चालली आहे तर जातीच्या दाखल्याचाही विषय निघू द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले. ख्रिस्ती झालेले आजही बाहेर आहेत. आपल्या राज्यात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. म्हणून आमच्याकडे कित्येक घरांत कागदावर दुसराच धर्म आणि भिंतीवर वधस्तंभ, असे चालते. माझ्या दाखल्यावर मी ‘ख्रिस्ती’ लिहून घेतले. माझ्या चुलतभावाने घेतले नाही. त्याची मुलगी आज चांगल्या महाविद्यालयात आहे. शिष्य कोण?

शेवंता

कोपी दादा, खोटे ते खोटेच. ज्याची लाज वाटते तो विश्वास कसला? प्रभूने स्पष्ट म्हटले आहे की माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मी नाकारीन.

प्रश्नचिन्ह

शेवंताताई, हे वाक्य फी भरता येणाऱ्या घरातून लिहिणे सोपे आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने जात विसरली असती, तर कागदाचा प्रश्न आलाच नसता. चर्चच्या स्मशानभूमीतसुद्धा कोणाची कबर कोठे, यावरून वाद झालेले मी पाहिले आहेत. आधी तेवढे निस्तरू या, मग चुलतभावाच्या दाखल्याकडे वळू.

व्यवस्थापक

या विषयावर स्वतंत्र धागा काढावा. तो महत्त्वाचा आहे आणि येथे चार ओळींत उरकण्यासारखा नाही. कोणाच्या विश्वासाची खोली दुसऱ्याने मोजू नये, एवढी विनंती. येथे मूळ प्रश्नाकडे परत यावे.

शेवंता

माझे लिहिणे कठोर झाले. कोपी दादा, क्षमा असावी. मत बदललेले नाही, पण आपल्या आईवडिलांबद्दल वाचल्यानंतर पहिली गोष्ट म्हणून ते लिहायला नको होते.

रात्रपाळी

माळकरी दादांचा प्रश्न मागेच राहिला आहे. यात ख्रिस्ती ते काय? दोन रात्री डोक्यात घोळत होता; जमेल तसे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. पहाटे चारला एका आजोबांचे औषध द्यायचे राहिले आणि तक्त्यावर मी दिले म्हणून टिक केली. विसरले हे सहाला लक्षात आले. तोवर त्यांना काही झालेले नव्हते आणि मी गप्प बसले असते तर कोणाला कधीच कळले नसते. मी वरिष्ठांना सांगितले. मला लेखी समज मिळाली आणि ती अजून माझ्या नस्तीत आहे. हे सांगायला धैर्य लागले असे कोणी म्हणेल, पण तसे नव्हते. आपण चांगले आहोत म्हणून देव आपल्याला धरून ठेवत नाही, हे इफिसकरांस पत्रातले सांगणे मी इतक्या वेळा ऐकले होते की त्या सकाळी ते कामी आले. चांगली परिचारिका हे नाव गेले तरी मी पुरती जाणार नव्हते. नाव सांभाळायची गरज थोडी कमी झाली की खरे बोलणे थोडे सोपे होते.

आपले वडील ताट पुसत होते, ते मला फार आवडले. त्यांच्यात आणि आमच्यात फरक दाखवायचाच झाला तर तो ताटात नाही दिसणार. ताट ज्या दिवशी पुसायचे राहिले, त्या दिवशी माणूस रात्री कोणाकडे आणि काय म्हणून जातो, तेथे कदाचित दिसेल. की तेथेही नाही? वडील काय करत?

माळकरी

ताई, हरिपाठ म्हणत आणि न जेवता झोपत. आईला कारण सांगत नसत. आपले उत्तर काकूंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “परिचारिकेचे बरोबर आहे, पण उपाशी झोपणाऱ्यालाही देव धरूनच असतो.” काकू आपल्याच मंडळीतल्या आहेत, म्हणून हे त्यांच्या नावावर टाकतो.

मस्कतकर

विनोद पुरे करून एकदा नीट लिहितो. कोपी दादांचे ऐकून मला येथली खोली आठवली. आम्ही आठ जण एका खोलीत राहतो; पाच मुसलमान, दोघे नेपाळचे आणि मी. २०२५ साली आपला उपवासकाळ आणि रमजान मार्चमध्ये एकत्र आले. ते पाच जण पहाटे उठत, त्यांच्याबरोबर मीही उठू लागलो. ते सहेरी करत, मी शास्त्र वाचत असे. त्याआधी सहा वर्षांत मी एकदाही पहाटे उठून वाचले नव्हते. मला शिष्य बनवण्याचे श्रेय एका मलबारी सुताराच्या घड्याळाच्या गजराला आहे. रमजान संपला तसे माझे उठणेही संपले. हे वर्ष कोरडेच गेले.

पाळकाची_मुलगी

हजेरीवाले दादा, जकातदार आपल्याला लागू पडले नाहीत, म्हणून दुसरे एक सुचवते. मत्तय २०, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. प्रवचनात आपण नेहमी धन्याबद्दल बोलतो, नाही तर पहाटे आलेल्या कुरकुऱ्या मजुरांबद्दल. मध्ये एक कारभारी आहे. संध्याकाळ झाल्यावर धनी त्याला सांगतो, मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. त्याच दिवशी, संध्याकाळी. पैसे त्याचे नाहीत, मळा त्याचा नाही, किती द्यायचे तेही त्याच्या हातात नाही. संपूर्ण दाखल्यात त्याला एकही वाक्य नाही. फक्त त्याच्या हातून पैसे जातात.

हजेरीवाला

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. ताईंचा कारभारी घेऊन मी ठेकेदारांकडे गेलो. शास्त्रातले काही काढले नाही. ते स्वतः मंगळवारचा उपवास करणारे गृहस्थ आहेत, त्यांना माझे वचन सांगून काय उपयोग. एवढेच म्हणालो की ज्याला पूर्ण आठवडा हवा त्याला पूर्ण देऊन पाहू, एक महिना. माणसे कमी पडली तर माझी जबाबदारी. ते बराच वेळ कॅल्क्युलेटरशी खेळत राहिले आणि म्हणाले, “बघा बुवा.”

पहिल्या शनिवारी साडेपाच वाजता टेबल मांडले. चौसष्टांपैकी पूर्ण पैसे घेतले एकोणीस जणांनी. बाकीचे म्हणाले, साहेब, तुमच्याकडेच राहू द्या, खोलीवर नेले तर उडतील. मी पंधरा वर्षे ज्या गोष्टीने बेचैन व्हायला हवे होते, ती बहुतेकांना सोयीची निघाली. एका गवंड्याची बायको मात्र मुद्दाम येऊन उभी राहिली आणि तिने नवऱ्याच्या आधी पैसे मोजून घेतले. सोमवारी त्या एकोणीसांपैकी चार जण आले नाहीत. ठेकेदार काही बोलले नाहीत, फक्त मस्टरवर त्या चार खाड्यांखाली पेनाने रेघ ओढली. दुसऱ्या आठवड्यात दोन परत आले.

आता एक भानगड राहिली आहे. परभणीकडचा एक बिगारी मधल्या वारी कोणाला न सांगता गावी गेला. मागचा हिशोब मिटवला तेव्हा त्याच्या नावापुढे तीन आठवड्यांचे ८,१०० रुपये निघाले. त्याचा फोन बंद लागतो. बँकेचे खाते त्याने दिलेले नाही. पैसे पाकिटात घालून मी घरी आणले आहेत, कारण कार्यालयात ठेवले तर ते पुन्हा वहीत जातील.

पाळकाची_मुलगी

म्हणजे मजुराचे वेतन रात्रभर आपल्याकडेच!

हजेरीवाला

होय ताई, आज पाचवी रात्र. आधी शास्त्राशेजारी ठेवणार होतो, पण ते बरे वाटले नाही. बायकोच्या साड्यांखाली ठेवले आहे. त्याच्या तालुक्यातला एक गवंडी गुरुवारी गावी निघाला आहे. त्याच्याकडून सही घेऊन पाकीट द्यायचे की मुलगा सापडेपर्यंत थांबायचे, हे उद्यापर्यंत ठरवायचे आहे. कोपी दादा, आपले मत हवे आहे.

कोपी

गवंड्याकडे देऊ नका. त्याच्या आईच्या नावाने मनीऑर्डर करा. हजेरीच्या पुस्तकात पत्ता असेल.

हजेरीवाला

पत्ता आहे. आईचे नाव नाही. उद्या सकाळी त्याच्याबरोबरच्या मुलांना विचारतो.